ग्रुपमध्ये पळायचं की एकट्यानं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पळायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, आणि मग ग्रुपवाले म्हणतात ग्रुपशिवाय मजा नाही आणि एकटे पळणारे म्हणतात तिथे नुसत्या गप्पा होतात. मी दोन्ही करते आणि दोन्ही मनापासून आवडतं, त्यामुळे लोक जे सारखं विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबलीत कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे, काही दोन-चार ओळीत संपतात.

एका वाक्यात सांगा ना, ग्रुप की एकटं?

आजचा रन कशासाठी आहे त्यावरून ठरवा. लोक हे स्वभावावर नेतात, म्हणजे मी मुळात एकलकोंडा म्हणून ग्रुप नको, किंवा मला माणसांशिवाय करमत नाही म्हणून रोज ग्रुपच, पण पायांना तुमचा स्वभाव कळत नाही, त्यांना एवढंच कळतं की आज किती जोर लावला आणि किती वेळ लावला. लाँग रन आणि जोराचे वर्कआउट, म्हणजे इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून), टेम्पो (बराच वेळ एकसारखं जोरात), चढावरचे रिपीट (तोच चढ पुन्हा पुन्हा), यांना सोबत असली की खूप फरक पडतो. ईझी रन, रिकव्हरी रन, आजारपणातून उठल्यानंतरचे रन हे एकट्यानं करा, फार तर अगदी आपल्याच पेसच्या, म्हणजे किलोमीटरला आपल्याइतकीच मिनिटं घेणाऱ्या, एका माणसाबरोबर. आठवड्यातून चार दिवस पळत असाल तर दोन दिवस सोबतीनं आणि दोन दिवस एकट्यानं ही माझ्या मते चांगली विभागणी आहे.

मी अगदीच नवीन आहे, सलग एक किलोमीटरही होत नाही. आधी एकटीनं तयारी करून मग ग्रुपला जाऊ का? मागे पडायची लाज वाटते.

नाही, आत्ताच जा. नवीन माणसाला पेस सुधारायचा नसतो, त्याला फक्त पळणं सोडायचं नसतं, आणि त्याला ग्रुपसारखं औषध नाही. गजर वाजल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या जो हिशोब चालतो ना, आज नको उद्या जाऊ, उद्या दोन किलोमीटर जास्त पळू, तो हिशोब कोणीतरी कोपऱ्यावर आपली वाट बघतंय म्हटल्यावर सुरूच होत नाही.

मागे पडण्याचं म्हणाल तर चांगल्या ग्रुपमध्ये सगळ्यात शेवटी मुद्दाम एक अनुभवी माणूस ठेवलेला असतो. पार्करन नावाचा जो ५ किलोमीटरचा फुकट उपक्रम आज कितीतरी देशांत चालतो, तो २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये फक्त १३ धावणाऱ्यांवर सुरू झाला, आणि त्यांच्याकडे टेल वॉकर म्हणून एक स्वयंसेवक असतो जो ठरवून सगळ्यांच्या मागे चालतो, म्हणजे शेवटचा नंबर कायम त्याचा, आलेल्या कोणाचाच नाही. मला ही कल्पना फार आवडते. त्यामुळे कुठलाही ग्रुप जॉइन करण्याआधी एकच प्रश्न विचारा, शेवटच्या माणसासोबत कोण असतं? उत्तरात लगेच कोणाचं तरी नाव आलं तर बिनधास्त जा. तसं काही नसतं, ज्याचं त्यानं बघायचं, असं उत्तर आलं तर तो ग्रुप सध्या तुमच्यासाठी नाही, दुसरा शोधा. आणि एक मिनिट पळणं दोन मिनिटं चालणं असं करत असाल तर ते पण पळणंच आहे, ते लपवायची काही गरज नाही.

ग्रुपमध्ये खरंच जास्त जोरात पळलं जातं का, की तसं नुसतं वाटतं?

खरंच पळलं जातं, आणि हे लोकांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच मोजून बघितलंय. अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट नावाचा एक संशोधक होता, त्यानं सायकल शर्यतींच्या वेळा तपासल्या तर असं दिसलं की एकटा घड्याळाशी शर्यत लावणारा सायकलस्वार सगळ्यात हळू जातो आणि पुढे पेसर, म्हणजे ठरलेला वेग धरून नेणारा, असला किंवा बरोबर प्रतिस्पर्धी असले की वेळ बरीच कमी लागते. मग त्यानं मुलांना मासेमारीची रिळं एकदा एकट्यानं आणि एकदा जोडीनं फिरवायला लावून तेच पुन्हा तपासलं आणि १८९८ साली हे सगळं छापलं.

पण मला त्याच्यापेक्षा जास्त कामाचा वाटतो तो १९२० च्या दशकातला जर्मनीतला अभ्यास. ओटो क्योलर यांनी बर्लिनच्या एका रोइंग (नाव वल्हवण्याच्या) क्लबमधल्या लोकांना वजन उचलायला लावलं, आधी एकेकट्याला आणि मग जोडीनं एकच बार धरून, म्हणजे एकानं सोडलं की खेळ खलास. तर जोडीतला जो कमी ताकदीचा होता तो एकटा असताना जेवढा टिकला त्यापेक्षा जोडीत जास्त टिकला, कारण माझ्यामुळे थांबलं असं कोणालाच नको असतं. आणि यातला महत्त्वाचा भाग असा की हा परिणाम सगळ्यात जास्त कधी दिसला तर दोघांच्या ताकदीत फरक मध्यम होता तेव्हा. फरक फारच मोठा असला की कमजोर माणूस मनातून आधीच हार मानतो आणि फरक काहीच नसला तरी तेवढी ओढ लागत नाही. यावरून पार्टनर कसा निवडायचा ते सरळ कळतं, आपल्यापेक्षा थोडाच पुढे असलेला, ज्याला गाठता येईल असं वाटतं असा.

राहिला हवेचा प्रश्न, म्हणजे कोणाच्या तरी मागे पळाल्यानं वारा कमी लागतो तो. ग्रिफिथ प्यू, जे १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेवर शास्त्रज्ञ म्हणून गेले होते, त्यांनी १९७१ साली मोजलं की सेकंदाला ६ मीटर वेगानं पळणारा माणूस दुसऱ्याच्या एक मीटर मागे राहिला तर त्याचा ऑक्सिजनचा खर्च साधारण साडेसहा टक्क्यांनी कमी होतो. पण सेकंदाला ६ मीटर म्हणजे किलोमीटरला पावणेतीन मिनिटं! तुमच्या माझ्यासारख्या सहा-सात मिनिटांच्या पेसला हवेचा अडथळाच मुळात थोडा असतो, त्यामुळे समोरून सणसणीत वारा असेल तरच कोणाच्या तरी पाठीमागे जा. ग्रुपचा खरा फायदा डोक्यात होतो.

मग रोजच ग्रुपमध्ये पळतो ना, प्रॉब्लेम काय आहे?

प्रॉब्लेम असा आहे की ग्रुपमध्ये ईझी रन ईझी राहत नाही. हे होतं कसं ते एकदा नीट बघा. दोघं बरोबरीनं पळतायत, गप्पा चालल्यात. मग एकाचं पाऊल अर्धा फूट पुढे पडतं, मुद्दाम नाही, असंच, पण दुसऱ्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याचा खांदा पुढे गेलेला दिसतो आणि तो बरोबरी करतो, आणि बरोबरी करता करता तो चार बोटं पुढे जातो, मग पहिला परत बरोबरी करतो. पंधरा मिनिटांनी वाक्यं लहान व्हायला लागतात. मघाशी कोणीतरी ऑफिसमधली लांबलचक गोष्ट सांगत होतं, आता नुसतं हो, अच्छा, मग काय झालं, आणि आणखी थोड्या वेळानं फक्त श्वास आणि बुटांचा आवाज. जोरात चल असं कोणी कोणाला म्हटलेलं नसतं तरी ठरलेल्या सातच्या पेसचे सव्वासहा झालेले असतात. घरी आल्यावर दोघंही खूश, आज मस्त रन झाला म्हणून.

एकदा झालं तर काही बिघडत नाही. रोज झालं की बिघडतं. ईझी रनचं काम वेगळं असतं, त्यात हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात, शरीर चरबी जाळायला सरावतं, आणि हे सगळं हळू पळूनच छान होतं. वर दम वाढतो लवकर आणि टाचेमागची शीर, घोट्याचे सांधे, नडगीचं हाड हे तयार होतात फार सावकाश, त्यामुळे छाती म्हणते अजून जाऊ या आणि पाय मनातल्या मनात नको म्हणत असतात. रोजचा ग्रुप रन म्हणजे रोजचा मध्यम जोर, धड हळू नाही धड जोरात नाही, आणि मग ज्या दिवशी खरंच जोर लावायचा त्या दिवशी पाय शिळे असतात. स्टीफन सायलर या संशोधकानं वरच्या पातळीच्या एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या) खेळाडूंचं ट्रेनिंग बघितलं तर साधारण ८० टक्के सेशन हळू आणि २० टक्केच जोराची असं चित्र दिसलं. जगातले सगळ्यात जलद लोक एवढं हळू पळतात तर आपल्याला कसली घाई आहे.

ईझी रन खरंच ईझी आहे हे कळणार कसं?

बोलून बघा. तीन-चार पूर्ण वाक्यं मध्ये धाप न लागता बोलता आली तर ईझी, एक वाक्य बोलून थांबावं लागलं तर टेम्पोकडे चाललात, दोन-तीन शब्दांवर आलात तर ती शर्यत झाली. एकटे असाल तर स्वतःशीच मोठ्यानं बोला, एखादी पाठ असलेली कविता म्हणा, लोक बघतात दोन दिवस, मग सोडून देतात. हार्ट रेटचं घड्याळ असेल तर वापरा पण २२० वजा वय हा फॉर्म्युला फार ढोबळ आहे, एकाच वयाच्या दोन माणसांचा जास्तीत जास्त हार्ट रेट वीस-वीस ठोक्यांनी वेगळा असू शकतो, म्हणून घड्याळ आणि श्वास यांचं जमलं नाही तर श्वासाचं ऐका.

एकट्यानं पळण्याचा स्वतःचा असा फायदा काय? सोय म्हणून ठीक आहे, पण त्यापलीकडे?

सगळ्यात मोठा फायदा, पेस स्वतःच्या शरीरात बसतो. ग्रुपमध्ये पेस दुसरं कोणीतरी धरत असतं आणि आपण त्याच्या पाठीकडे बघून पळतो, वर्षभर असं केलं तर किलोमीटरला साडेसहा म्हणजे पायाला कसं वाटतं, श्वास किती पावलांना आत आणि किती पावलांना बाहेर, हे माहीतच होत नाही. आणि लांबच्या शर्यतीत शेवटचा तिसरा हिस्सा बहुतेक सगळ्यांना एकट्यानंच काढावा लागतो, आजूबाजूला हजार माणसं असली तरी. केनियाचा मॅरेथॉन धावपटू एलियुड किपचोगे २०१८ मध्ये बर्लिन मॅरेथॉनमध्ये पळत होता तेव्हा त्याचा शेवटचा पेसर २५ किलोमीटरला बाजूला झाला आणि उरलेले १७ किलोमीटर तो एकटा पळाला, तरी २:०१:३९ असा त्या वेळचा विश्वविक्रम झाला, आधीच्या विक्रमापेक्षा ७८ सेकंद कमी. पेसर गेल्यावर पुढे रिकामा रस्ता आणि तरी ठोका चुकत नाही, हे एकट्यानं पळायची सवय असल्याशिवाय होत नाही असं मला वाटतं.

दुसरा फायदा दुखण्याचा. एकट्यानं पळताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बारीक चमक आली तर ती लगेच कळते आणि थांबताही येतं, कोणाला काही सांगावं लागत नाही. ग्रुपमध्ये तीच चमक गप्पांमध्ये बुडून जाते आणि संध्याकाळी जिना उतरताना आठवते.

तिसरं म्हणजे नवीन काही शिकायचं असेल, पाऊल टाकायची पद्धत, कॅडेन्स (मिनिटाला किती पावलं), उतारावर कसं उतरायचं, तर ते एकट्यानं शिका. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये हे मांडलं होतं की आजूबाजूला माणसं असली की मुरलेली गोष्ट आणखी चांगली होते पण कच्ची गोष्ट आणखी बिघडते. पळण्याला हे अगदी चपखल लागू पडतं.

मोठे धावपटू काय करतात?

बहुतेक सगळे ग्रुपमध्ये ट्रेनिंग करतात. किपचोगेचंच बघा, केनियात काप्टागटला कोच पॅट्रिक सँग यांच्या कॅम्पमध्ये तो वर्षानुवर्षं इतरांबरोबर राहून पळत आलाय, आणि २०१९ मध्ये व्हिएन्नात १:५९:४० मध्ये मॅरेथॉनचं अंतर संपवलं तेव्हा ४१ पेसर आळीपाळीनं त्याच्याभोवती पळत होते, म्हणूनच तो अधिकृत विक्रम धरला जात नाही. त्याच्याही कितीतरी आधी, १९५४ मध्ये रॉजर बॅनिस्टर पहिल्यांदा चार मिनिटांच्या आत एक मैल पळाला, ३:५९.४, तेव्हा ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटावे या दोघांनी त्याला आळीपाळीनं पेस दिला होता. आणि दुसऱ्या टोकाला एमिल झाटोपेक, ज्यानं ४०० मीटरच्या न संपणाऱ्या चकरा बऱ्याचदा एकट्यानं मारल्या आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५ हजार, १० हजार आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं घेतली. पण एक लक्षात घ्या, मोठ्या धावपटूंच्या ग्रुपमध्ये आज काय करायचं ते कोच ठरवतो आणि ईझी म्हटलं की ऑलिंपिक पदकवालाही मुंगीच्या पावलांनी निघतो. आपल्या ग्रुपना नेमकी ही शिस्त हवी असते.

एकट्यानं पळताना कंटाळा येतो, तीन किलोमीटरनंतर घराकडे वळावंसं वाटतं. काय करू?

पहिलं, घराला गोल गोल चकरा मारू नका, प्रत्येक चकरीला घर दिसतं आणि प्रत्येक वेळी थांबायचा मोह होतो. सरळ लांब जा आणि मग वळा, परत यायलाच लागतं. दुसरं, फार्टलेक करा. हा प्रकार १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये गोस्टा होल्मेर या कोचनं काढला आणि यात काही मोजायचं नसतं, त्या झाडापर्यंत जोरात, मग श्वास बसेपर्यंत हळू, मग त्या वळणापर्यंत जोरात. एकट्या माणसासाठी याच्यासारखी करमणूक नाही, वेळ कसा जातो कळत नाही. ग्रुपमध्ये हे करायचं तर प्रत्येक वेळी आधी ओरडून सांगावं लागतं.

आणि थोडा कंटाळा येऊ द्या. पहिली वीस मिनिटं डोक्यात कामाच्या याद्या फिरतात, मग त्या संपतात आणि मग बरं वाटायला लागतं. जे लोक विसाव्या मिनिटाला परत फिरतात त्यांना हा भाग कधी भेटतच नाही.

लाँग रनला ग्रुप पाहिजेच का?

पाहिजेच असं नाही पण मी शक्यतो सोडत नाही. दोन-तीन तास पायावर राहायचं म्हणजे पाणी, वॉशरूम, रस्ता चुकणं, पायात गोळे येणं, यातलं काहीतरी होणारच, आणि सोबत असलं की ते निभावून जातं.

उन्हाच्या दिवसात तर मी फार आग्रहानं सांगते, एकट्यानं लांब जाऊ नका. उष्माघाताचं वाईट हे आहे की ज्याला होतो त्याला कळत नाही, तो म्हणतो मी ठीक आहे. बाहेरून मात्र दिसतं, माणूस सरळ रेषेत पळत नाही, विचारलेल्याला भलतंच उत्तर देतो, चिडतो, अडखळतो. असं दिसलं की रन तिथेच बंद, सावलीत घ्या, मिळेल तेवढं गार पाणी अंगावर ओता, टबात बसवता आलं तर गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवा, मदत बोलवा, पण ती येईपर्यंत गार करणं थांबवू नका. यात मिनिटं महत्त्वाची असतात, आणि यासाठी शेजारी दुसरा माणूस लागतो, दुसरा उपाय नाही.

ग्रुपमध्ये सगळ्यांचे पेस वेगळे आहेत. जलदवाले वैतागतात, हळूवाले दमतात. कसं जमवायचं?

अंतरावर नाही, वेळेवर पळा. सगळ्यांनी एकदम निघायचं, ज्यानं त्यानं आपल्या पेसनं पळायचं आणि चाळीस मिनिटं झाली की जिथे असाल तिथून मागे वळायचं. पेस एकसारखा ठेवला तर सगळे जवळजवळ एकाच वेळी परत येतात, कोणी बारा किलोमीटर केलेले कोणी सोळा, पण वाट बघणं नाही आणि वळून येताना जलदवाले हळूवाल्यांना मागून गाठतात त्याची वेगळीच मजा.

थांबून थांबून एकत्र यायची पद्धत असेल तर त्यात एक गोष्ट नेहमी चुकते. पुढचे लोक चौकात थांबतात, पाणी पितात, स्ट्रेचिंग करतात, शेवटची माणसं धापा टाकत पोचतात आणि त्या क्षणी पुढचे म्हणतात चला, आले सगळे, निघू या. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच ती शून्य. शेवटचा माणूस आल्यावर दोन मिनिटं मोजून थांबायचं, आणि निघू या हे शेवटच्या माणसानंच म्हणायचं, असा नियम करा. एवढ्या एका नियमावर मी लोकांना ग्रुपमध्ये टिकताना बघितलंय.

मी बाई आहे. एकटीनं पळणं सेफ आहे का?

रस्ता, वेळ आणि जागा बघून ठरवावं लागतं, आणि ही जबाबदारी आपल्यावर पडते हे मुळात चूक आहे, पण आहे ते आहे. मी काय पाळते ते सांगते. घरी किंवा मैत्रिणीला फोनवर लाइव्ह लोकेशन चालू. रोज तोच रस्ता तीच वेळ असं नाही, दोन-तीन मार्ग आलटून पालटून. अंधार असेल तर एकटी नाही, तेव्हा ग्रुप किंवा ट्रेडमिल. कानात काही घातलंच तर एकाच कानात, तेही हळू आवाजात. फूटपाथ नसेल तर गाड्या समोरून येतील अशा बाजूनं पळायचं, म्हणजे येणारी गाडी दिसते. आणि काहीतरी खटकलं, कारण सांगता आलं नाही तरी, की वळायचं. रन अर्धा राहिला तर राहू दे. हे पुरुषांनाही तितकंच लागू आहे, खासकरून गाड्यांचं.

ग्रुपमधल्या पुरुषांना एक विनंती, रन संपल्यावर कोण एकटी घरी जातेय ते बघा. पळताना दहा जण सोबत आणि नंतर अंधारात एक किलोमीटर एकटीनं चालत जायचं असं नेहमी होतं.

स्ट्राव्हावरचा, म्हणजे रन नोंदवायच्या ॲपवरचा, ऑनलाइन ग्रुप चालेल का? प्रत्यक्ष जायला वेळ मिळत नाही.

बऱ्यापैकी चालतो. सिनान आराल आणि ख्रिस्टोस निकोलायडिस यांनी २०१७ मध्ये जगभरातल्या सुमारे ११ लाख धावणाऱ्यांचा डेटा तपासला तेव्हा दिसलं की पळणं संसर्गासारखं पसरतं, मित्रमंडळी एक किलोमीटर जास्त पळाली की आपणही त्याच दिवशी साधारण ३०० मीटर जास्त पळतो. गंमत म्हणजे कमी पळणारे लोक जास्त पळणाऱ्यांवर परिणाम करतात, उलट फारसं होत नाही, मागचा जवळ यायला लागला की पुढचा जागा होतो. आणि पुरुषांवर बायका आणि पुरुष दोघांचाही परिणाम होतो पण बायकांवर फक्त बायकांचाच. त्यामुळे मैत्रिणींचा छोटा ग्रुप करा, दोनशे अनोळखी लोकांचा नको.

मात्र दोन गोष्टी. ऑनलाइन ग्रुपमध्येही ईझी रनची शर्यत होते, पेस सगळ्यांना दिसणार म्हणून माणूस उगाच जोर लावतो, तर ईझी रनला पेस लपवायची सोय असेल तर लपवा. आणि घराजवळचा भाग मॅपवर दिसणार नाही असं सेटिंग आधी करा, प्रोफाइल सगळ्यांना खुलं ठेवू नका. २०१८ च्या सुरुवातीला स्ट्राव्हाच्या हीटमॅपवरून (लोक कुठे कुठे पळतात ते दाखवणारा नकाशा) लष्करी तळांवरचे पळायचे रस्ते सुद्धा लोकांना ओळखता आले होते, तर आपलं घर शोधणं किती सोपं असेल बघा.

डोकं शांत व्हायला कोणतं चांगलं?

दोन्ही, पण वेगवेगळ्या दिवशी. काही ठरवायचं असेल, मनात गुंता असेल, तर एकट्यानं. उदास वाटत असेल, घराबाहेर पडावंसंच वाटत नसेल, तर ग्रुपमध्ये, बोलायची इच्छा नसली तरी, मागे गप्प पळा, कोणी काही म्हणत नाही. ऑक्सफर्डच्या रोइंग टीमवर एक छोटा अभ्यास झाला होता, तोच व्यायाम तेवढाच वेळ एकदा एकट्यानं आणि एकदा सगळ्यांनी एकत्र केला, आणि एकत्र केल्यानंतर त्यांची दुखणं सहन करायची ताकद जास्त वाढलेली दिसली. संशोधकांचा अंदाज असा की एकत्र एका तालात हालचाल केल्यानं शरीरातली वेदना कमी करणारी रसायनं जास्त सुटतात. आठ-दहा जणांची पावलं आपोआप एका तालात पडायला लागतात तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला हे पटेल.

रेसच्या दिवशी पेसरच्या बसमध्ये, म्हणजे त्याच्याबरोबर पळणाऱ्या घोळक्यात, जाऊ का?

त्या पेसचा सराव केला असेल तर जरूर. पण सुरुवातीला पेसरला चिकटू नका, पहिल्या दोन किलोमीटरमध्ये तिथे चेंगराचेंगरी असते आणि जागा काढत वेडंवाकडं पळण्यात दम जातो, वीस-तीस मीटर मागे राहा आणि सावकाश गाठा. पाण्याच्या टेबलावर सगळा घोळका एकदम पडतो, तर पहिलं टेबल सोडून शेवटच्या टेबलावर पाणी घ्या. पेसर गन टाइमवर (शर्यत सुटल्यापासूनची वेळ) पळतोय की चिप टाइमवर (स्टार्ट लाइन ओलांडल्यापासूनची वेळ) हे आधी विचारा, तुम्ही स्टार्ट लाइन त्याच्या दोन मिनिटं नंतर ओलांडली असेल तर त्याला गाठायच्या नादात दोन मिनिटं फुकट जोर लागतो. आणि निम्म्यावरच वाक्य बोलता येत नसेल तर बस सोडून द्या, पुढची बस येतेच.

ग्रुपमध्ये प्रत्येकजण सल्ला देतो, बूट बदल, पाऊल असं टाक, हे खा. कोणाचं ऐकू?

जो आधी विचारतो की तू किती दिवस पळतेयस आणि कुठे दुखतंय, त्याचं ऐका. जो न विचारता सांगतो त्याला थँक्यू म्हणा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त एकाच जागी दुखत असेल तर ग्रुप नाही, डॉक्टर किंवा फिजिओ.

दुखापतीनंतर परत सुरू करतोय. ग्रुपला कधी जाऊ?

पळायला एकट्यानं सुरू करा, पण ग्रुपला भेटायला पहिल्या दिवसापासून जा. वॉर्म-अप त्यांच्यासोबत, मग ते पळायला जातील, तुम्ही चाला किंवा पाणी सांभाळा, मग स्ट्रेचिंगला परत एकत्र. दुखापतीत पळणं सुटतं त्यापेक्षा माणसं सुटल्याचं जास्त लागतं. त्यांच्याबरोबर पळायला लागा ते सलग अर्धा तास न दुखता आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही न दुखता जमायला लागल्यावर.

एकट्यानं पळायचं म्हटलं की ग्रुपवाले नाराज होतात, कुठे गायब असतेस म्हणतात. कसं सांगू?

दर वेळी कारणं देत बसू नका, एकदाच दिवस सांगून टाका. मंगळवारच्या इंटरव्हलला आणि रविवारच्या लाँग रनला मी आहेच, बाकीचे माझे ईझी दिवस असतात, ते मी एकटी करते. आणि मग ते दोन दिवस चुकवू नका, वेळेच्या पाच मिनिटं आधी कोपऱ्यावर हजर राहा. लोकांना आपण रोज येत नाही याचा राग नसतो, येते म्हणून न येण्याचा असतो. त्यातूनही कोणाला तुमच्यासोबत ईझी पळायचं असेल तर या म्हणा, फक्त आधीच सांगा की पेस मी धरणार आणि कोणाचं पाऊल पुढे गेलं तर मी मागेच राहणार आहे.